दाणा टिपायला कोण शिकवतं?

सरकारी दवाखान्यात कुत्रा-मांजर चावलेल्यांची रांग होती. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याच्या केसपेपरवर ‘डॉमनिक, भुईगाव’ असं लिहिलेलं. पोटरीला पट्टी. शेजारी लाल लुगड्यातली त्याची बायको. मांजराने ओरबाडलेली एक मुलगी तिला विचारत होती:

“मावशी, घरचाच कुत्रा चावला?”

“सगळं त्या पिल्लांपायी, बाय. कोंबडी मुंगसाने नेली. सात पिल्लं राहिली, मग मीच त्यांची आई झाले.”

“दाणे टिपायला तुम्ही शिकवलंत?”

“टोचायचं ती अंड्यातनंच शिकून येतात. काय टोचायचं ते दाखवावं लागतं. मी दाण्यांवर बोट आपटायची, की ती चोच मारायची.”

“आणि घारीला घाबरायचं?”

“तेही अंड्यातनंच. आधी विमानालाही दबायची. आता मान वर करत नाहीत.”

“मग काकांना कुत्रा का चावला?”

“मी लेकीच्या बाळंतपणाला गेले. यांच्या हातचं पिल्लं खाईनात. दोरीवर माझं लुगडं वाळत होतं, त्याच्याखाली जाऊन बसली. शेवटी हे ते लुगडं नेसले, पदर घेतला आणि बसले बोट आपटत.”

“खाल्लं पिल्लांनी?”

“भराभरा! पण टायगरला ठाऊक, मी घरात नाही. मग हे लुगडं नेसून बसलंय कोण?”

मुलीला हसू आवरेना. “आता मावशी आल्या. सुटलात, काका.”

“आज सकाळी माझ्याच मागे आली पिल्लं,” डॉमनिक पहिल्यांदाच बोलला. “आणि मी पँटवर होतो.”