अणुभट्टीवाले पाहुणे

—ते खरं आहे जी विश्वनाथराव, पत्रिका जुळली, पण तुमचा तो छातीवरचा बिल्ला कुठी आहे? अणुभट्टीतल्या माणसाच्या अंगात किती किरणं गेले ते त्याच्यात उमटते म्हणे — आमच्या जोशीबुवाले दाखवाचा होता. तिथंच ठेवा लागते? बरं. हसू नका. एकुलती एक पोरगी राजस्थानात, तुमच्या अणुभट्टीच्या गावी द्याची म्हणजे चौकशी करा लागते.

आता माहंच घ्या — कोराडीच्या वीज कारखान्यात बॉयलरवर दहा वर्षं झाले. कोळशाच्या वॅगनी अडकल्या का आमचा कारखाना थंडा, अन् अर्धं नागपूर अंधारात, अन् शिव्या कोणाले? चंपतरावले! कोळसा काय मी लपवून ठेवला? तुमचं ते मूठभर युरेनियम कितीतरी दिवस जळते म्हणता — मानलं बुवा. देशाले पायजेच. पण देशाले पायजे म्हणून माह्याच पोरीनं काहून जावं? आणि मी काही अणूले भेत नाही, सांगून ठेवतो. बॉयलरसमोर इतके वर्षं काढले. भेव दुसरंच आहे — प्रमोदिनी गेली का या क्वार्टरात मी अन् रेडिओ. तिची माय गेल्यापासून डबा तीच देते, माह्यावर ओरडतेही तीच, अन् ओरडली नाही का मले जेवण जात नाही — हे बोलाचं नव्हतं. जाऊ द्या. चहा घ्या.

तुम्ही मघाशी म्हणाले ना, पुढं लहान लहान अणुभट्ट्या निघतीन, एकेका शहराले एक? मंग झालं तं! एक कन्हानच्या काठी बसवा — पाणी आहे, जागा मी दाखवतो, माह्या साडभावाचं वावर आहे तिथं — तुम्ही बदली करून घ्या, अन् मंग लग्न. पोरगी सायकलवर माहेरी येऊन जाईन. तोवर थांबू आपण. काय घाई आहे? किती दिवस लागतीन?

वर्षं?

वीस?

वीस म्हणजे... प्रमोदिनी चव्वेचाळीसची. तुम्ही पन्नाशीचे. अन् मी — मी तं नसनच. मंग ती कोणाजवळ राहीन?

...

कप ठेवा. उठा आता, बस सुटते तुमची. तुमच्या बापूजीले सांगा, पोरीच्या बापानं हो म्हटलं. मुहूर्त मात्र जवळचा काढा म्हणा — उद्या सकाळी माहं मन पलटन, तं मले विचारू नका.