पुसलेला गाल

– चहा नको. चहा पाजून गप्प बसवायला मी काय वसुलीला आलेली माणूस नाही. आणि आवाज खाली कशाला करू, दाराबाहेर धामणकर नाका आहे, एवढ्या रिक्षा बोंबलतायत त्यात एका म्हातारीचा आवाज कुणाच्या कानात जातोय? तू आधी सांग केसरीनाथ, माझ्या नातीच्या फोटोतला व्रण पुसायला तुला सांगितलं कुणी? कुणीच नाही ना? मग? राहीआक्का, फुकट करून दिलं, म्हणे. फुकट केलंस हाच तर राग आहे. पैसे घेतले असतेस तर निदान कुणीतरी मागितलं होतं असं तरी झालं असतं.

लग्नाच्या फोटोचं मी समजू शकते. मुलगी दाखवायची असली की तू निगेटिव्हवर पेन्सिल फिरवतोस, काळीला उजळ करतोस, खड्डे बुजवतोस – नगरपालिकेला रस्त्यावर जमत नाही ते तू गालावर करतोस – आणि मग बघायला आलेले लोक पोहे खाताना एकमेकांकडे बघत बसतात. बसू देत. पण हा फोटो बँकेच्या परीक्षेचा होता. मी स्वतः इथे उभं राहून सांगितलं होतं, बँकेचा आहे, पासपोर्ट साइज. तुला ऐकू काय आलं, तर मुलगी. चालली पेन्सिल. आणि झालं काय? ठाण्याला परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझरने हॉल तिकीट बघितलं, पोरीकडे बघितलं, परत तिकीट बघितलं आणि म्हणाला, ही तू नव्हेस. दुसरीच्या नावावर पेपर लिहायला आलेली समजला तिला. भरल्या वर्गात उभी केली. सह्या करून घेतल्या, आणि वर म्हणतो, गाल पुसून दाखव, रंग लावून आलीस की काय ते बघू – पुसला तिने, ओल्या रुमालाने, सगळ्यांदेखत. आता व्रण निघतोय होय? हिरामणच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, कापडाच्या कारखान्यात लूमवरून शटल उडून लागलंय ते, लहान होती, डबा द्यायला गेली होती. टाके पडलेत त्याला. शेवटी कुणीतरी मोठा साहेब आला, सह्या जुळल्या, बसू दिलं. पोर पास झाली तरीही. सोमवारी मुलाखत आहे. आणि आता जात नाही म्हणते. का, तर म्हणते, आजी, त्या फोटोतलीला पाठव, ती चांगली दिसते.

काय? फेस व्हॅल्यू वाढवली? इंग्रजी बोलतोस ते माझ्यापुढे जपून बोल हो. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण आमचे हे नगरपालिकेतून इंग्रजी पेपरची रद्दी आणायचे, ती आणि एक बिनपुठ्ठ्याची डिक्शनरी, एवढ्यावर मी शिकले. पोरीचं विद्युल्लता हे नाव मी ठेवलंय, घरात अजून कुणाला धड लिहिता येत नाही. फेस व्हॅल्यू म्हणे. सध्या अख्खी भिवंडी शेअरचे फॉर्म भरतेय, तूही भरलेस, तिथला शब्द उचललास. त्याचा अर्थ कागदावर छापलेली किंमत. दहा रुपये. खरी काय ती बाजारात गेल्यावर कळते. तू पोरीवर दहाचा छाप मारलास आणि मला सांगतोस भाव वाढवला.

इंग्रजांनी चेहऱ्याला फार राबवून घेतलंय, सगळ्या कामाला तोच. लाँग फेस म्हणजे तोंड पाडून बसणं. टू-फेस्ड म्हणजे दुतोंड्या, तसले आपल्याकडेही पुष्कळ. लूज फेस म्हणजे चारचौघांत पत जाणं – आपल्यात अशा वेळी नुसतं नाक कापलं जातं, त्यांचा अख्खा चेहराच हरवतो, छत्रीसारखा. आणि स्ट्रेट फेस म्हणजे हसू आलं तरी चेहऱ्यावर दिसू न देणं, ते तुला आत्ता जमत नाहीये. – हे सगळं मला पाठ का? असंच. हाताला लागलं पान. – लागलं नाही, शोधलं. बघतोस काय, देवी आल्या होत्या मला, त्याच्या खुणा आहेत या, सगळ्या गावाला दिसतात. लग्न होऊन दिघाशीला गेले तर सासू म्हणाली, पोर कामाला बरी हाय, पन तोंडाकडं बघवत न्हाय. मी तिथेच भाकऱ्या थापत होते. दुसऱ्या कुणाला सांगत नव्हती, मलाच सांगत होती. पुढे डिक्शनरी हातात आली तेव्हा म्हटलं, बघू तरी, साहेबलोक तोंडाला काय काय म्हणतात. माझा एकच फोटो आहे घरात, ह्यांच्या निरोपसमारंभाचा. त्यात माझ्यापुढे हेडक्लार्कची बायको उभी आहे. माझी साडी तेवढी आलीय. चांगली साडी होती. – ते राहू दे. मी माझं सांगायला आलेले नाही.

मुलाखतीसाठी व्रणासकट नवा फोटो काढ एवढंच म्हणतेय, तर त्याला तू तयार नाहीस. का, तर पाठीवर तुझा शिक्का मारलेला असा फोटो बाहेर गेला तर लोक म्हणतील केसरीनाथचा हात गेला. म्हणजे लाज राखायची आहे ती तुझी. याला सेव्ह फेस म्हणतात, आणि त्यात फेस नेहमी स्वतःचाच असतो. – दुसरा स्टुडिओ आहे, माहीत आहे मला. तिथे फोटो निघेल. पण तुझ्या दारातल्या काचेत तो पुसलेल्या गालाचा फोटो लावलायस ना, मोठा करून, गिऱ्हाइकं यावीत म्हणून? पोर रोज कॉलेजला ह्याच नाक्यावरून जायची. आता कल्याण नाक्यावरून वळसा घालून जाते. फोटो दुसरीकडे काढला तर हा नाका तिला कायमचा बंद. म्हणून इथेच काढायचा, आणि तो काचेतला माझ्यासमोर उतरवायचा. आणलंय मी तिला. बाहेर रिक्षात बसलीय, गालावर ओढणी धरून. मी म्हटलं आधी मी बोलते.

काय म्हणालास? जन्म गेला तुझा चेहरे बघण्यात? पोरीला फ्रॉकात होती तेव्हापासून ओळखतोस? ठीक आहे. मग डोळे मीट. मीट म्हणते ना. आणि सांग, व्रण तिच्या कुठल्या गालावर आहे?

उजव्या म्हणतोस.

उजव्या गालावर काही नाही केसरीनाथ. डाव्यावर आहे. निगेटिव्ह उलटी धरून पेन्सिल फिरवतोस तेव्हा तुला तो उजव्यावर दिसतो. – नको, आता काही बोलू नकोस. सरक जरा, दार उघडू दे.

विद्युल्लते, ये गं आत, ओढणी काढ आणि इथे स्टुलावर बस – ह्याने तुला अजून बघितलेलंच नाही.