मुखवट्याची पाठ

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. उत्तर देण्याची घाई करू नका. जी वस्तू आपण रोज पाहतो, ती आपल्याला खरोखर ओळखता येते काय?

मोबाईलवर एक खेळ आहे. समुद्राच्या तळाचे चित्र, त्यात लपवलेल्या दहा वस्तू — शोधा. नऊ सापडतात. दहावीवरून बोट तीनदा फिरते आणि पुढे जाते, कारण ती उलटी ठेवलेली असते! खांबाशी बसलेले नाना, फोन खिशात ठेवा. तुमचाच खेळ सांगतो आहे, पण खऱ्या पाण्यातला.

मालवण मुलुखातल्या एका खाडीकाठी पाणेश्वरी देवीचे ठाणे. तिचा तळहाताएवढा पितळी मुखवटा वर्षातून एकदा होडीतून खाडीच्या मध्यावर न्यायचा, न्हाऊ घालायचा आणि पालखीतून परत आणायचा. त्या वर्षी तो मान हरेश्वर कुबलाचा. खडकांना चिकटलेली कालवे, म्हणजे शिंपले, काढणारा पाणबुड्या. त्याच्यासारखा दम गावात दुसऱ्या कोणाचा नाही. आणि त्याच हरेश्वराच्या हातून मुखवटा निसटला.

तळाशी चिखल, वर चढती भरती. तासाभरात ओढ वाढली की शोध संपला. मानकरी म्हणाले, "हरेश्वरा, ऱ्हवांदे. नवो घडवून घेवया."

तो एवढेच बोलला, "माझ्या हातातसून पडलो, माझ्याच हातान वर येतलो. पालखी रिती जावची नाय."

त्याने तळाशी काठी रोवली, तिला दोरी बांधली आणि दोरी धरून वेढे घेऊ लागला. एक वेढा, मग हातभर मोठा दुसरा. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? बोटे शोधत होती देवीचे सरळ नाक, टपोरे डोळे. आणि लागत होते काय? शिंपले, तुटका नांगर, करवंटी. आठव्या बुडीनंतर वर आला, तेव्हा ओठ निळे पडले होते.

होडीच्या टोकाशी गुरवाची आवडाकाकी बसली होती. तीस वर्षे चिंच लावून मुखवटा घासणारी ती. पण तिला आतापर्यंत कोणी काही विचारले नव्हते.

"काय चाचपतंस रे?"

"नाक, डोळे. आणखी काय चाचपू?"

"आणि हाताक काय लागला?"

"करवंटी. तीनदा तीच लागली गो काकी, आता वळख झाली तिची."

"मेल्या, तीच आई असतली. तोंडावर पडली हा. तुमका तिचा तोंड ठावक, माका पाठ ठावक. पाठ करवंटीसारखीच पोकळ. पण कडेक कडी आसा, चाचपून बघ. करवंटीक कडी नसता."

हरेश्वर पुन्हा उतरला. तिसऱ्या वेढ्यात चिखलाने भरलेली ती वाटी हाताला लागली. काठावरून बोट फिरवले — काही नाही. छाती फुटायला आली. वर जावे? गेला नाही. काठ पुरता फिरवला, आणि बोट कडीत अडकले.

वर येऊन त्याने मुखवटा आधी काकीच्या ओच्यात ठेवला, मग पालखीत. 

आता एखादा चिकित्सक विचारील, "बुवा, देवी जागृत, तर ती उताणी का पडली नाही?" प्रश्न रास्त आहे. माझा प्रतिप्रश्न ऐका: उताणी पडली असती, तर आवडाकाकीचे कोणी ऐकले असते काय?

मंडळी, आपण देवाला समोरून ओळखतो. उजळलेला, हार घातलेला, दिव्यांच्या प्रकाशातला. तो पाठमोरा हाती लागला, की करवंटी समजून हात पुढे नेतो. ओळख हवी असेल, तर घासायला बसले पाहिजे. उद्या सकाळी चिंच घेऊन मी देवळाच्या ह्याच पायरीवर बसणार आहे. देव्हाऱ्यातले सारे पितळ बाहेर काढून ठेवा. नाना, तुम्हीही या. फोन घरी ठेवा, हात तेवढे आणा.