काटेवाडीची वीस मिनिटं

न्हाय, मला सांगा, चूक कुणाची? माझी? माझी फाईल तर अजून बी बराबर हाय. तुमाला सांगतो, आमच्या दूध संघाची तेवीस गावात तेवीस संकलन केंद्रं, तेवीस सर्व्हर, आन ते संभाळायला मी एकटा, समर्थ, मुक्काम कळंब, हापिस बारामती. आदी काय व्हायचं, सर्व्हर बसवायचा म्हंजी मोटरसायकल काढा, गावात जावा, काटा जोडा, फॅटचं मशीन जोडा, प्रिंटर जोडा, चार तास तितंच, वर सेक्रेटरी इचारणार, "चहा घेतला का?" घेतला वो, पाचवा हाय ह्यो... ह्या गावात एक तऱ्हा, त्या गावात दुसरी, एकाचा पासवर्ड म्हशीचं नाव, आन म्हस इकली तरी पासवर्ड त्योच.

मग मी शिकलो. सर्व्हरवर काय काय पायजे ते एका फाईलीत लिवायचं, हितं बारामतीत खुर्चीवर बसून एक कमांड मारायची, तेवीस गावं आपोआप तयार. वर दर अर्ध्या तासाला ती फाईल सगळीकडं फेरी मारती, कुणी काय हलवलं आसंल तर जागच्या जागी परत. आमचं आनंद साहेब म्हणालं, "समर्थ, सगळी केंद्रं खरंच सारखी?" म्हणलं साहेब, जुळ्या भावांगत. एकदा लिवायचं, हात लावायचा न्हाय.

झालं. तिसऱ्या दिशी पडद्यावर दिसाय लागलं, काटेवाडीच्या सर्व्हरचं घड्याळ वीस मिनिटं मागं. फाईलनं केलं सरळ. परत मागं. परत सरळ. एका सकाळी चार येळा... मला काय वाटणार? सेल गेला. दिला नवीन सेल पाठवून. परत तेच. आनखी एक पाठवला. आनखी एक. तिकडनं सेक्रेटरी दत्तोबातात्यांचा फोन न्हाय, निरोप न्हाय, सेल मातूर ठिवून घ्यायलेत. मी म्हणलं आसू दे, फाईल बघून घील. एकदा लिवायचं, हात लावायचा न्हाय.

आन शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बायकोचा फोन. रोहिणी म्हणाली, "आईचं दूध माघारी पाठवलं."

आता तुमाला सांगायचं राहिलं, काटेवाडी ही माझी सासुरवाडी. आमच्या सासूबाई, म्हाळसामामी, कॅनॉलपल्याड वस्तीवर राहत्यात. सात म्हशी, एकटीनं धारा काढायच्या, दोन कॅन सायकलीला अडकवायचं आन सायकल हातात धरून चालत यायचं, आठच्या आत पोचायचं कसं? आन आठच्या ठोक्याला आमचं सॉफ्टवेअर बंद. त्यापुढं नोंद न्हाय, नोंद न्हाय तर दूध न्हाय. उन्हाळ्याचं दिस, दोन कॅन दूध दारातनं परत. रोहिणी म्हणाली, "कुणाच्या मशीननं पाठवलं, त्ये बी गावाला ठावं हाय." आन फोन ठिवला. तुमी लग्न झाल्याली माणसं आसाल तर म्होरचं सांगायला नको.

खरं सांगतो, लई वाईट वाटलं. त्या बाईनं आमच्या पहिल्या दिवाळीला माझ्यासाठी दोन दिस खवा आटवला हुता, आन मी तिला आठाचा नियम दावतोय.

गेलो काटेवाडीला. दत्तोबातात्या निवांत बसल्याले, म्होरं टेबलावर माझं तिन्ही सेल वळीनं मांडल्यालं. म्हणलं, "तात्या, घड्याळ बिघडलंय व्हय?"

"बिघडलं न्हाय, पाव्हणं. मागं ठिवलंय."

"का?"

"तुमच्या सासूसाठी. भितीवरचं घड्याळ हुतं तवापासनं ठिवतोय. शुक्रवारी मातूर ऐन आठाला तुमच्या मशीननं ते सरळ केलं. टँकर जातोय साडेआठला, मग आठला दार लावून आत काय आरती म्हणायची?"

"आवो, मग मला सांगायचं तरी."

"तुमी सेल पाठवत हुता. मला वाटलं, पाव्हण्याला देयाची हौस हाय."

पर आपुन बी काय कमी हाय का? साहेबाला इचारलं, आन फाईलीत एक ओळ घातली. घड्याळ खरं, पर काटेवाडीचं केंद्र बंद आठ वाजून वीस मिनिटांनी. जुळ्यातला एक भाऊ वीस मिनिटं मागनं जन्माला आला, एवढंच. आता कुणी घड्याळाला शिवायचं कारण न्हाय, सगळं रीतसर, लिवल्यालं. एकदा लिवायचं, हात लावायचा न्हाय. रोहिणी बोलाय लागली. मामी दोन दिस सव्वाआठला आल्या बी.

तिसऱ्या दिशी तात्यांनी त्यास्नी सांगितलं, "म्हाळसा, आता पळत येऊ नगं. पाव्हण्यानं वीस मिनिटं लिवूनच दिलीत."

लिवून दिलीत म्हणल्यावर घाई कशाची? तुमाला सांगतो, आता मामी येत्यात आठ पस्तीसला. नोंद तात्या आता वहीत लिवून घेत्यात, पर टँकर थांबत न्हाय. मला फोन, "पाव्हणं, टँकर निघाला बगा. तुमी ती कमांड मारता न्हवं? तेवढी एक मारा की ह्याला."

म्हणलं, "मामी, टँकरला कमांड नसती वो."

"मग एवढं शिकून काय केलंसा?"

फाईल अजून बी बराबर हाय, तेवीस गावात एक ओळ इकडची तिकडं न्हाय. आन मी रोज सकाळी साडेआठला, हापिसला जाता जाता, काटेवाडीच्या केंद्राम्होरं टँकरला मोटरसायकल आडवी लावून हुबा ऱ्हातो... हातानं.