अकरा शर्ट आणि सुतळीची गाठ

गयाबाई, ड्यूटी संपवून तसेच इकडे आलेले मिलमधले भाऊ, वैशालीचे विद्यार्थी, आणि आपण सगळे,

या दोन खोल्यांत आज एवढी माणसं मावली आहेत, आणि जिच्यामुळे ही जागा लोकांना माहीत झाली ती वैशालीच नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले होते. मग वाटलं, आज बोलले नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही. म्हणून लिहून आणलं आहे. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मस्तगड भागातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे, हा माझ्या यजमानांचा, डॉक्टरांचा दवाखाना. ते गेल्यावर बरीच वर्षं इथं कुलूप होतं. एके दिवशी ही मुलगी दारात उभी. बारीक अंगाची, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. म्हणाली, "काकू, खोली बघू का?" आत आली. खिडकी लावली, दार लावलं, आणि अंधारात नुसती उभी राहिली.

"बिलकुल अशीच पाहिजे. मला इथं व्हिडिओ दाखवायचेत."

मी म्हटलं, "मग खुर्च्या मांडते."

"खुर्च्या नको. लोकांनी हिंडत हिंडत बघायचं."

"हिंडत कुणी पिक्चर बघतं का गं?"

"मंग बघा, पहिल्या तुम्हीच."

अशी ही गॅलरी सुरू झाली. सुरुवातीला लोक ताप आलेली मुलं घेऊन यायचे. "डॉक्टर हैत का?" वैशाली सांगायची, "डॉक्टर न्हाईत. पण आत येऊन बघा, बरं वाटंल." आणि काही जण खरंच आत यायचे.

तिचं पहिलं मोठं काम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधल्या कामगारांचे अकरा शर्ट. लाल सळईच्या ठिणग्यांनी पडलेली भोकं त्यांना होती. शर्ट छताला टांगलेले, आणि त्यांच्यावर प्रोजेक्टरनं त्याच माणसांचे व्हिडिओ. तिनं प्रत्येकाला सांगितलं होतं, पाळी संपली की कॅमेऱ्यासमोर एक मिनिट उभं राहायचं. काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. भोकांतून जाणारा प्रकाश मागच्या भिंतीवर पडायचा. अंधारात तेवढेच ठिपके.

वैशालीचे वडील, गयाबाईंचे यजमान किसनराव त्याच मिलमध्ये होते. हसनाबादहून ते कामासाठी जालन्याला आले, ते इथलेच झाले. ते तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या शर्टावर व्हिडिओ नव्हता, नुसता पांढरा प्रकाश होता.

आता जे सांगायला उभी राहिले आहे, ते सांगते.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी वैशाली शर्टांचं गाठोडं इथं ठेवून गेली. जाताना म्हणाली, "काकू, लोकांनी शर्टाजवळून जायचं. नाक लागंल इतकं जवळून." मी गाठोडं उघडलं. घाम, तेल, गंज, काजळी. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोज सकाळी आमच्या कॉलरी तपासायच्या, मळकी कॉलर असली की वर्गाबाहेर उभं राहायचं. ते माझ्या हाडात बसलं आहे. मला वाटलं, पोरगी घाईत विसरली. नाक लागेल इतकं जवळून जायचं असेल, तर धुवायला नकोत का?

मी ते सगळे शर्ट गल्लीतल्या लाँड्रीत दिले.

लाँड्रीवाल्यानं विचारलं, "बाई, भोकं रफू करू का?" मी म्हटलं, "नको, भोकं राहू द्या, ती कलेची आहेत." इतकं मला कळत होतं. एवढंच कळत होतं.

त्यातला एक शर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. पिशवीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. ती गाठ नखांनी सुटेना, म्हणून मी दातांनी सोडली.

सकाळी वैशाली आली. कडक इस्त्रीचे अकरा शर्ट टेबलावर. तिनं खालून एक शर्ट काढला. तोंडाशी नेला. मग म्हणाली, "काकू, इस्त्री बराबर झाली." आणि शिडी मागितली.

बस. तेवढंच. त्यानंतर इतकी वर्षं त्या विषयावर एक शब्द नाही. उद्घाटनाला पाहुणे म्हणाले, किती नीटनेटकं प्रदर्शन आहे. मी खूश झाले. मला कळलं ते फार नंतर, तिच्या एका विद्यार्थ्यानं सहज विचारलं तेव्हा, की मॅडम सांगतात पहिल्या प्रदर्शनात शर्टांना वास असायला पाहिजे होता, मग तो गेला कसा?

मग मी तिला का नाही विचारलं? का नाही म्हटलं, वैशाली, चुकलं माझं? वाटलं, ती विसरली असेल. आता शेवटी ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी रोज जायचे. रोज ठरवून जायचे, आज सांगायचं. आणि रोज डब्यातल्या भाजीबद्दल बोलून परत यायचे.

गेल्या आठवड्यात गयाबाई माझ्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "बाई, ह्यांचा शेवटच्या पाळीचा शर्ट म्या न धुता ठेवला व्हता. पिशवीत बांधून. लय याद आली की गाठ सोडायची, वास घ्यायचा, परत बांधायची. वैशीनं प्रदर्शनाला मागितला, दिला. माघारी आला तर वासच न्हाई. वैशी म्हणली, आई, तिथं हवा लागली, उडून गेला."

गयाबाई, ती हवा नव्हती. ती मी होते.

तुमच्या लेकीनं तुमच्यापाशी माझं नाव घेतलं नाही. तुमच्याशी खोटं बोलली, पण मला तुमच्या नजरेतून उतरू दिलं नाही. मी तिला काकू म्हणून काय दिलं? दोन रिकाम्या खोल्या. तिनं मला हे दिलं.

बसा, गयाबाई. उठू नका. मीच खाली येते.

मागच्या खोलीत खिळ्याला वैशालीचा काम करायचा शर्ट लटकत होता. करडा, बाह्या दुमडलेला, खिशात डिंकाचे डाग. ती गेली त्या दिवशी मी तो काढला. धुतला नाही. झटकलासुद्धा नाही. पिशवीत घातला आणि सुतळीनं तोंड बांधलं. हा घ्या. गाठ तुम्हीच सोडा.

आता कुणीतरी दिवे बंद करा. पंखाही. तिनं त्या माणसांना जसं सांगितलं होतं, तसंच आपण सगळे एक मिनिट उभे राहू या. काही बोलायचं नाही. काही करायचं नाही.

वैशाली, जय भीम, बाळा. चुकलं माझं.