मी खोडलेली ओळ

समारंभाचे अध्यक्ष आणि या वकिली कार्यालयाचे मालक, आदरणीय मोठे वकीलसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे चिरंजीव, धाकटे वकीलसाहेब. आजचे सत्कारमूर्ती हेडक्लार्क, ज्यांना तुम्ही सगळे भिंगकाका म्हणता. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी. आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या मंडळींनो,

अठरा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. या वेळी, याच कार्यालयात, माझ्यावर अन्याय झाला. वेळ इतकी पक्की सांगते, कारण मी हॉस्पिटलात मेट्रन होते. वेळ लिहिल्याशिवाय आम्ही ताप उतरला असंसुद्धा म्हणत नसू.

राहतं घर विकून मी बहिणीच्या शेजारी दोन खोल्यांचा फ्लॅट घेत होते. जन्माची पुंजी एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायची होती. धाकट्या साहेबांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर एकच ओळ, 'विक्री व खरेदीचे कायदेशीर काम', आणि पुढे आकडा. तो मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. एवढे कशाचे, विचारलं, तर म्हणाले, घराच्या किमतीवर टक्केवारी असते, सगळेच घेतात. अहो, घर महागलं म्हणून कागद लांब होतो का? सही करताना हात जास्त दुखतो का? कॉन्व्हेंटात आमच्या गणिताच्या सिस्टर पायऱ्या दाखवल्या नाहीत तर बरोबर उत्तरालाही शून्य देत. मी तसंच शून्य देऊन निघाले होते.

तेवढ्यात दाराजवळच्या टेबलावरून आवाज आला, "बाई, भांडायचंच तर नीट भांडा. बसा."

हे भिंगकाका. त्यांनी कोरा कागद घेतला आणि तो आकडा सोलून मांडला. सरकारात भरायचे पैसे वेगळे काढले. ते वकिलाला मिळत नाहीत, त्यावरून वकिलाशी भांडू नका म्हणाले. विक्रीचा मसुदा, अर्धा दिवस. खरेदीचा मसुदा तपासणं, एक दिवस. नोंदणीला सोबत येणं, एक सकाळ. फ्लॅटचे जुने व्यवहार शोधणं, चार दिवस. आता हीच कामं घेऊन आणखी दोन वकिलांकडे जा, म्हणाले, आणि प्रत्येक ओळीपुढे त्यांचा आकडा लिहून आणा. मोठे साहेब, कपाळाला आठ्या घालू नका. माणूस आज निवृत्त होतोय, आता रागावून काय उपयोग?

मी गेले. त्यातला एक बराच स्वस्त निघाला, पण त्याच्या यादीत शोधाचं कामच नव्हतं. मला वाटलं, सापडली चोरी. घरी येऊन लाल पेनने ती ओळ खोडली. फ्लॅट विकणारं जोडपं इतकं सज्जन, की मला पडदेसुद्धा तसेच ठेवून जाणार होतं. अशा माणसांच्या मागे चार दिवस काय शोधायचं?

कागद इथे परत आणला, तेव्हा भिंगकाकांनी त्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "मेट्रनबाई, बाकी सगळ्या ओळींवर भांडा. ही ठेवा. तुम्ही कधी न तपासता पेशंटला रक्त दिलंत?"

मी ती ओळ पुन्हा लिहून दिली. वहिनी, तुमच्या घरी ही कला ते रोज वापरत असतील, पण मला माघार घ्यायला लावणारे ते पहिलेच.

शोधाच्या तिसऱ्या दिवशी, नोंदणी कार्यालयाच्या तळघरात शिंकत शिंकत, त्यांना भिंगातून एक पुसट नोंद दिसली. त्या सज्जन जोडप्याच्या आधीच्या मालकाने फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलं होतं आणि ते फेडलेलं नव्हतं. जोडप्यालाही पत्ता नव्हता. फ्लॅटवरचा तो बोजा उतरायला सात आठवडे लागले. मग मी पैसे दिले. आधीच दिले असते तर? तर आज मी इथे उभी नसते. बहिणीच्या सोफ्यावर झोपून तिच्या यजमानांची बोलणी खात असते.

फी रास्त की अवाच्या सवा, हे नुसत्या आकड्याकडे बघून कळत नाही, हे मी सत्तरीत शिकले. त्यामागचं काम बघावं लागतं. शोधाचे जे पैसे या कार्यालयाने घेतले, ते मला आज कमी वाटतात. विक्रीच्या अर्ध्या दिवसाचे मात्र जास्तच होते. मोठ्या साहेबांनी तासभर हुज्जत घालून का होईना, ते कमी केले, त्यांचे आभार. त्या तासाची फी लावली नाही, त्याबद्दल वेगळे आभार.

भिंगकाका, तुमच्यासाठी दिवा असलेलं नवं भिंग आणलंय. आता नातवंडांची प्रगतिपुस्तकं तपासा. तुमचे आभार मानायला माझ्याकडे घराएवढे शब्द नाहीत. घर आहे, ते तुमच्यामुळे.

पण उद्यापासून दाराजवळच्या त्या टेबलावर कोण? माझ्यासारखी बाई लाल पेन घेऊन आली, तर तिला "बसा" कोण म्हणणार? म्हणून अध्यक्षमहाराज, माझा एकच प्रश्न. यापुढे काम सुरू करण्याआधी प्रत्येक अशिलाला असा ओळीओळीचा कागद मिळणार की नाही? उत्तर लेखी हवं, तीस जूनला संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी 'बघू' चालणार नाही.

माझं बोलणं कुणाला टोचलं असेल तर माफ करा. सुया टोचण्यातच माझी सारी नोकरी सरली. तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. उत्तर माझ्या नव्या पत्त्यावर पाठवा. पत्ता निर्वेध आहे, कसलाही बोजा नाही. भिंगकाकांनी तपासलाय.