शटर जपणारा नवरा

…नाही, पण मला एक सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मिक्सरमध्ये, स्वतःच्या हाताने वाटप वाटायला नवऱ्याची परवानगी मागणारी बाई बघितली आहे का कुणी? नसेल बघितली तर आता बघून घ्या. ही मी, किशोरी. मालवणच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचे हे, जितेंद्र, फोटो काढतात. मी ते निवडते, अल्बम लावते आणि गिऱ्हाईक भांडायला आलं की त्याच्याशी भांडते, कारण हे त्या वेळी नेमके आत पाणी प्यायला गेलेले असतात. तर मी मिक्सरचं बटण फिरवलं, अजून खोबरं नीट हललंही नाही, तोवर बाहेरून आवाज आलाच, "किती वेळा फिरवतंस? मोजून असतत गो, मोजून."

मोजून असतत! काय मोजून असतत? तर मिक्सरचे फेरे. फ्रिजचं दार, पंख्याचं बटण, स्कूटरची किक, पंपाची धडधड, सगळं म्हणे देवाने कारखान्यातच मोजून पाठवलेलं असतं.

आता हे खूळ आलं कुठून ते तुम्हाला सांगते. गेल्या वर्षी मार्चमध्ये केयूर नावाचा एक पुण्याचा मुलगा दुकानात आला. किनाऱ्यावरचे पक्षी टिपायला आला होता, गळ्यात ही एवढी लांब लेन्स, मेमरी कार्ड हवं होतं त्याला. कार्ड घेतलं, पैसे दिले, जायचं ना आता? तर नाही. ह्यांचा कॅमेरा काउंटरवर होता, तो उचलून म्हणतो, काका, ह्याचा शटर काउंट किती झालाय? ह्यांना वाटलं दुकानाचं शटर विचारतोय. आता पुण्याचं गिऱ्हाईक म्हणजे ह्यांची भाषा लगेच इस्त्री केलेली. म्हणाले, "रोज दोन. सकाळी वर, रात्री खाली. दुपारी जेवायला जातो तेव्हा अर्धं."

तो मुलगा हसला नाही, चांगल्या घरचा असावा. त्याने शांतपणे समजावलं, की काका, कॅमेऱ्याच्या आत पातळ पाती असतात, तुम्ही बटण दाबलं की ती उघडतात आणि मिटतात, त्याला शटर म्हणतात, आणि त्याला आयुष्य असतं, तुमच्या ह्या मॉडेलला साधारण दीड लाख क्लिक. मग स्वतःच्या लॅपटॉपला कॅमेरा जोडून बघून सांगितलं, की अर्धं झालं की तुमचं. वर तो हेही म्हणाला, की हा नुसता अंदाज असतो, एखादं दुप्पट चालतं, एखादं आधीच जातं. पण ते ऐकायला हे होते कुठे? हे "अर्धं झालं" ह्या दोन शब्दांवरच खुर्चीत बसले होते.

तुम्हाला सांगते, तोपर्यंत हा माणूस लग्नात शेंगा फोडल्यासारखे फोटो काढायचा. नवरी शिंकली, दहा फोटो. भटजींनी पान उलटलं, सहा फोटो. एका लग्नाचे तीन हजार, आणि निवडणारी कोण, तर मी. पण त्या दिवसापासून घरात एकच सूर. किशोरी, शटराक आयुष्य असता गो. मोजून असतत गो, मोजून.

मग सुरू झाली चौकशी. जो भेटेल त्याला विचारायचं, तुझ्या यंत्राचं आयुष्य किती? शेजारच्या लवूकडे मासेमारीची होडी आहे, त्याला जाऊन विचारलं, इंजिन किती चालता रे? लवू जाळं दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "बंद पडला काय समजाचा, संपला." हे घरी येऊन मला सांगतात, लोकांना आपल्या यंत्राची काळजीच नाही. आमच्या सासूबाई, नर्मदाबाई, माजघरात दुपारच्या पडलेल्या, तर हे जाऊन पंखा बंद करतात. का, तर त्याला विश्रांती. सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मेल्या, तुझ्या बापाशीन घेतललो पंखो तो. मी गेलंय तरी फिरत रवतलो. तू आधी तुझा डोक्या बघ."

आणि त्यात आमची गौरजा, नववीत आहे. जेवताना विज्ञानाच्या पुस्तकातलं काय ते आठवून म्हणाली, बाबा, तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा माणसाचं हृदय भारी, ते दिवसाला लाखभर ठोके देतं. म्हणजे तुमच्या शटरचं अख्खं आयुष्य म्हणजे माणसाचा फक्त दीड दिवस. तिने आपली गंमत म्हणून सांगितली हो. ह्यांनी भाताचा घास खाली ठेवला, छातीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून जिनाही जपून चढायला लागले.

ते मी सगळं सहन केलं. पण नारळ मी सहन केला नाही.

आता नारळाचं सांगते. कुठल्याही कार्यक्रमाला निघायच्या आधी हे उजेड तपासायला एक फोटो काढायचे, आणि तो माझा. लग्न झाल्यापासूनची सवय. मी कपडे वाळत घालतेय, क्लिक. मी मासे साफ करतेय, क्लिक. मी म्हणायचे, अहो, जरा केस तरी विंचरू द्या. ह्यांनी आयुष्यात मला कधी "बरी दिसतंस" म्हटलेलं नाही, तसं आमच्याकडे म्हणायची पद्धतच नाही, पण उजेड बघायला माणूस तुमच्याकडेच वळतो, म्हटल्यावर बाईला जे समजायचं ते समजतं की नाही? तर एक दिवस बघते, स्टुलावर नारळ ठेवलाय आणि हे कॅमेऱ्यातून त्या नारळाकडे बघतायत. बटण न दाबता, नुसते बघतायत. मी विचारलं, हे काय? म्हणाले, उजेड बघतंय, क्लिक नको फुकट. म्हटलं, मग नुसतं बघायचंच आहे तर मी काय वाईट आहे? तर म्हणतात, "तू समोर आसलंस काय बोट आपसूक दाबता गो. नारळ बरो."

माझ्या कानात त्यातले दोनच शब्द शिरले. नारळ बरो. वीस वर्षांच्या संसारानंतर. त्या नारळाची मी संध्याकाळी सोलकढी केली आणि दोन वाट्या जास्त प्यायले.

बरं, घरातलं घरात राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मे महिन्यात कुडाळला अक्षया नावाच्या मुलीचं लग्न होतं, ऑर्डर आमची. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली गेला, हॉलभर अक्षता, वाजंत्री, आणि हे डोळ्याला कॅमेरा लावून उभे. मी मागे दिवा धरून उभी. नवरीने हार उचलला. हे थांबले, अजून थोडी हसू दे. नवऱ्याने मान वाकवली. हे थांबले, अजून थोडी वर येऊ दे. मी मागून म्हणतेय, अहो दाबा, दाबा, आणि हे तोंडातल्या तोंडात, "मोजून असतत गो, मोजून," आणि तेवढ्यात ह्याचा हार तिच्या गळ्यात, तिचा हार ह्याच्या गळ्यात, आणि दोघं खुर्चीवर बसूनसुद्धा मोकळी. फोटो एकही नाही. एकही!

नवरीची मावशी, जानकी, तिचं सगळं लक्ष आमच्याकडेच होतं. ती सरळ नवरीच्या बापाकडे गेली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "फोटोवालो आणलास की राखणदार? कधीपासून नुसतो बघीत रवलो हा."

मग काय, जेवणं झाल्यावर परत हार घालायला लावले. भटजी हात पुसत म्हणाले, मुहूर्त गेला, आता होतंय ते फक्त फोटोपुरतं. नवरीचं काजळ पसरलेलं, हार चुरगळलेले, नवरा जिलबी-मठ्ठ्याने सुस्तावलेला, आणि त्यातही ह्यांनी फोटो काढला किती? एक. त्यात नवरा ढेकर देतोय.

ही बातमी कुडाळहून आमच्या आधी घरी पोचली. पुढच्या दोन ऑर्डरी गेल्या, मग तिसरी गेली. दुकानात लोक यायचे ते फक्त पासपोर्ट फोटोला, आणि त्याला हे म्हणायचे, एकदाच काढीन, डोळे मिटू नका. मी भांडले, मी अबोला धरला, मी माहेरी वेंगुर्ल्याला जाऊन आठ दिवस राहिले. परत आले तर हे दारातच उभे. मला वाटलं, आता म्हणतील, बरं झालं आलीस. म्हणाले, तू नव्हतीस तर मिक्सर अगदी ताजातवाना झालाय.

पाऊस लागला तसा कॅमेरा कपाटात गेला. कशात गुंडाळून? माझ्या लग्नाच्या शालूत. वर प्लास्टिकची पिशवी, तिला दोरी, त्यात डांबराच्या गोळ्या. वर कपाटाला कुलूप आणि किल्ली ह्यांच्या जानव्याला. चार महिने कुणी हात लावायचा नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चपलेवर शेवाळ धरतं, मीठ बरणीत रडतं, पापड भाजायच्या आधीच मऊ पडतात. मी एकदा म्हटलं, अहो, एकदा बाहेर काढा, जरा हवा लागू दे. तर म्हणाले, विश्रांती घेऊ दे त्याला.

घेतली त्याने विश्रांती. चतुर्थीला एका घरच्या गणपतीची ऑर्डर आली, जुनं गिऱ्हाईक, लीलाकाकू, सगळं कुटुंब मुंबईहून जमलेलं, चार पिढ्या मखराच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या. हे म्हणाले, हसा. सगळे हसले. ह्यांनी बटण दाबलं. आतून एक खर्र आवाज आला, म्हातारं माणूस कूस बदलताना करतं तसा, आणि मग काही नाही. परत दाबलं. काही नाही. चार पिढ्या हसतायत, हसतायत, शेवटी त्यांच्यातली सगळ्यात धाकटी रडायला लागली. मग मी माझ्या फोनवर काढला फोटो.

आम्ही दोघं एसटीने कोल्हापूरला गेलो, तिथे कॅमेरे दुरुस्त करणारं दुकान आहे. त्या माणसाने कॅमेरा उघडला आणि आम्हाला बोलावून दाखवला. लेन्सवर आतून कोळ्याचं जाळं असावं तशी पांढरी बुरशी, आणि शटरची पाती ओलाव्याने आणि खाऱ्या हवेने एकमेकांना चिकटलेली, कडेने गंजलेली. म्हणाला, ह्याला आता हात लावण्यात अर्थ नाही. ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, क्लिक किती झाले होते? तो म्हणाला, क्लिकचा काय संबंध, क्लिक तर निम्मे शिल्लक होते. वापरात असता तर बरा राहिला असता.

परत येताना घाट उतरेपर्यंत हा माणूस एकाच जागी ताठ बसून होता. कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. आता तुम्हाला खरं सांगते, कोल्हापूरला चढताना माझ्याकडे बोलायला इतकं होतं, इतकं होतं, की मी ते ओळीने लावून ठेवलं होतं, मिक्सरपासून नारळापर्यंत. पण ते हात बघितले आणि गेलं सगळं.

फोंडाघाटला गाडी थांबली. आम्ही उतरून चहा घेतला, भजी घेतली. ह्यांचा चहा निवत चाललेला. मग खाली बघूनच म्हणाले, "अर्धे उरले गो."

मी म्हटलं, "मग माझे काढूचे होते."

म्हणजे बोलून गेले मी. ठरवलं नव्हतं. हे माझ्याकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं, भजीवाला पण बघायला लागला. मग खिशातून फोन काढला आणि माझ्या तोंडात अख्खं कांदाभजं, गाल फुगलेला, केसांत घाटाची धूळ, तसाच काढला फोटो. एक नाही, पाच-सहा. कंडक्टरने बेल मारली तरी काढतायत. मी म्हटलं, अहो, गाडी सुटेल. म्हणाले, थांब, उजेड बरो आसा.

पुढे दिवाळीच्या आत नवा कॅमेरा आला. कसा घेतला ते विचारू नका, माझ्या हातातल्या पाटल्या कुठे आहेत तेही विचारू नका. आणि तुम्हाला सांगते, ह्या नव्या कॅमेऱ्यात एक सोय आहे, ती चालू केली की आत काही हलतच नाही. पाती नाहीत, आवाज नाही, झिजणार काय? दुकानदाराने हे सांगितलं मात्र, ह्यांचा चेहरा जन्मठेपेतून सुटल्यासारखा झाला. आता घरात मिक्सर मोकळा, फ्रिज मोकळा, पंखा मोकळा, आणि हे सगळ्यांत मोकळे. मी भाकरी थापते, फोटो. मी घोरते, फोटो. आवाज नाही म्हणजे काढला कधी तेही कळत नाही. गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याला लग्न होतं, तिथे नवरीच्या आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमच्या मिस्टरांना जरा बसवता का? म्हटलं, बाई, मी कोण बसवणार. फोटो काढत नाही म्हणून रडले मी, आता काढतो म्हणून कुठल्या तोंडाने रडू?

चला, उठते मी. त्या लग्नाचे साडेचार हजार निवडायचे पडलेत. अर्धे काल बघून झाले, त्यांत नवरीचे डोळे मिटलेले आहेत… आणि आज सकाळपासून जे बघतेय त्यांत नवऱ्याचे.